हल्क नको, उजेड दे

स्पेस स्टेशन १३ या खेळात मी जेनेटिक्सचे काम निवडले ते आवडीपोटी नव्हे, तर भुसावळहून निघालेली माझी प्रत्येक क्लिक युरोपातल्या सर्व्हरपर्यंत पोहोचायला जो वेळ घेते त्या वेळेमुळे. बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंत क्षणभर जातोच, आणि ज्या खेळात दारात उभा असलेला माणूस मित्र आहे की मारेकरी याचा निवाडा त्याच क्षणात करायचा असतो, तिथे असा खेळाडू सुरक्षा खात्यात गेला तर पहिल्याच झटापटीत आडवा होतो. मी दोनदा आडवा झालो. तेव्हा बसून विचार करायचे, घाई नसलेले आणि शक्यतो चार भिंतींच्या आतले काम शोधता शोधता मी जेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत येऊन ठेपलो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. हा खेळ २००३ साली बियॉन्ड (BYOND) नावाच्या, खेळ बनवण्याच्या व्यासपीठावर आला. पुढे त्याचा कोड लोकांच्या हाती पडला आणि गटागटाने आपापल्या आवृत्त्या काढल्या. त्यामुळे खाली जे तपशील येतील ते आमच्या सर्व्हरचे आहेत, दुसरीकडे ते वेगळे असू शकतात. चित्र वरून पाहिल्यासारखे दिसते आणि प्रत्येक चौकोन ३२ बाय ३२ पिक्सेलचा असतो. अवकाश स्थानकावर प्रत्येक खेळाडूला एक नोकरी मिळते : कोणी कॅप्टन, कोणी आचारी, कोणी डॉक्टर, कोणी विदूषक. त्यांतले काही जण गुप्तपणे गद्दार असतात, पण कोण ते कोणालाच ठाऊक नसते. साधारण दोन तासांनी काहीतरी बिघडते, सुटकेचे यान येते आणि राउंड संपतो. आमचा सर्व्हर भूमिका निभावण्यावर भर देणारा होता, म्हणजे आपले पात्र जे जाणते तेवढेच आपण जाणायचे आणि त्याच्या तोंडी शोभेल तेच बोलायचे, तेही इंग्रजीत.

युरोपात संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली असते. त्यामुळे माझी पाळी कूलरच्या आवाजात रात्री साडेअकराला सुरू होई. सोबतीला रावेरचा मामेभाऊ असे. त्याच्या केळीच्या बागेला त्या आठवड्यांत रात्रीची लाईन होती. मोटर चालू करायला त्याला जागायचेच होते, मग रिकाम्या वेळात खेळ तरी खेळू, असा त्याचा हिशेब. त्याने पहिल्या दिवसापासून खाणकाम धरले. कारण विचारले तर म्हणाला, ‘‘भाऊ, मले बसून राहनं जमत नाही.’’

जेनेटिक्सच्या खोलीत एक बंद पेटीसारखा स्कॅनर असतो, त्याला जोडलेला संगणक असतो आणि बाजूला कुंपणात वानरे असतात. वानर संपले तर वाळलेल्या चौकोनी वडीवर पाणी टाकायचे, की त्यातून जिवंत वानर उभे राहते. खेळाच्या अशा गोष्टींवर प्रश्न विचारायचे नसतात. वानराला पेटीत घालून संगणकावर पाहिले की त्याच्या शरीरात सुप्त असलेल्या म्यूटेशनची, म्हणजे जनुकीय बदलांची, यादी येते, पण नावे नसतात. प्रत्येकासमोर जनुकीय अक्षरांच्या १६ जोड्या मांडलेल्या असतात आणि त्यांतल्या काही अक्षरांच्या जागी नुसती फुली असते. बारावीच्या जीवशास्त्रात घोकलेला नियम इथे कामाला येतो : ए समोर टी, जी समोर सी. जोडीतले एक अक्षर दिसत असेल तर दुसरे लिहून टाकायचे. खरी पंचाईत होते ती दोन्ही जागी फुली असेल तेव्हा. अशा एका जोडीला चार पर्याय, दोन जोड्यांना सोळा आणि तिसरी निघाली तर चौसष्ट. सगळ्या जोड्या बरोबर जुळल्या की त्याच क्षणी वानराच्या अंगात ते म्यूटेशन जागे होते आणि आपल्याला नाव कळते. एकही चूक असेल तर काहीच होत नाही, आणि नेमके कुठे चुकले हेही कोणी सांगत नाही.

पहिले तीन-चार राउंड मी चौसष्ट पर्याय एकामागून एक दाबून पाहिले. हा शुद्ध मूर्खपणा होता. नंतर लक्षात आले की एका राउंडमध्ये एखाद्या म्यूटेशनची अक्षरे सगळ्या प्राण्यांत सारखीच असतात, फक्त फुल्यांच्या जागा प्राण्यागणिक बदलतात. म्हणजे पहिल्या वानरात जे झाकलेले आहे ते तिसऱ्या वानरात उघडे असू शकते. त्यानंतर मी वहीत ओळी आखून, दोन-तीन वानरांच्या जोड्या एकाखाली एक लिहून, गाळलेली अक्षरे भरू लागलो आणि अर्ध्या तासाचे काम दहा मिनिटांवर आले. शिवाय संगणकात ‘जोकर’ नावाची एक सोय असते; तिने एक फुली आपोआप सुटते, पण पुन्हा वापरण्यासाठी बराच वेळ थांबावे लागते, म्हणून ती शेवटच्या अडलेल्या जोडीसाठी राखून ठेवावी. ती वही माझ्याजवळ अजून आहे. मामी एकदा घरी आल्या असता त्यांनी ती चाळली आणि मी पुन्हा परीक्षेला बसतो आहे असे समजून आईजवळ समाधान व्यक्त केले.

सापडलेले म्यूटेशन संगणकात साठवता येते आणि मग त्याचे इंजेक्टर, म्हणजे सुया, छापता येतात. सुया दोन प्रकारच्या. एक ॲक्टिव्हेटर : घेणाऱ्याच्या शरीरात ते म्यूटेशन आधीच सुप्त असेल तरच ती चालते. दुसरी म्यूटेटर : ती कोणालाही चालते, पण बाहेरून घातलेल्या प्रत्येक गुणाची किंमत शरीर मोजते. प्रत्येकाची जनुकीय स्थिरता १०० वर सुरू होते आणि म्यूटेटरने दिलेला प्रत्येक गुण तीतून काही अंश कापून घेतो. टेलिकायनेसिस, म्हणजे हात न लावता वस्तू उचलण्याची शक्ती, बरीच मोठी रक्कम कापते. अंधारात अंग उजळवणारे ग्लोई अगदी चिल्लर कापते. ॲक्टिव्हेटरने जागवलेला स्वतःचाच गुण मात्र फुकट पडतो. हा फरक मला कोणी सांगितला नाही, मी तो जिवानिशी शिकलो.

झाले असे की पाचव्या की सहाव्या रात्री माझा हात चांगला बसला होता. बळ आणि किरणोत्सार ही दोन म्यूटेशने एकत्र केली की हल्क तयार होतो. ती दोन्ही मला सापडली होती. हल्क झालेला माणूस हिरवा पडतो, मुठीने भिंती फोडतो आणि त्याचे प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षरांत ओरडल्यासारखे उमटते. मी हल्कची सुई स्वतःला टोचली. मग टेलिकायनेसिसची टोचली. मग भिंतीपलीकडचे दिसावे म्हणून एक्स-रेची टोचली. त्यानंतर पडद्यावर शरीर अस्थिर झाल्याच्या सूचना येऊ लागल्या, त्या मी वाचल्या, आणि हौसेने आणखी एक सुई टोचली. स्थिरता शून्याखाली गेली की शरीर थोडा वेळ तग धरते आणि मग त्याचे काय होईल ते नशिबावर असते. माझ्या नशिबात त्या रात्री प्रयोगशाळेच्या फरशीवर विरघळणे होते. राउंडचे पुढचे सव्वा तास मी भूत होऊन स्थानकावर फिरत होतो. भुताला सगळे दिसते, पण जिवंतांशी एक शब्द बोलता येत नाही.

तेव्हा भूत होऊन पाहिलेली एक गोष्ट मला खटकली. माझ्या मृत्यूने स्थानकावर कोणाचे काहीच अडले नव्हते. डॉक्टर गेला असता तर जखमी खोळंबले असते, इंजिनियर गेला असता तर दिवे गेले असते. जेनेटिक्सवाला तासभर बसून स्वतःसाठी शक्ती गोळा करत होता, तो मेला, आणि त्याच्या दारावरून लोक आपापल्या कामाला जात राहिले. या कामाची अशीच बदनामी आहे आणि ती खोटी नाही.

म्हणून पुढच्या राउंडपासून मी खिडकी उघडून बसलो आणि येईल त्याला सुया देऊ लागलो. त्यातून नवा घोळ झाला. आचाऱ्याला टेलिकायनेसिस हवे होते, ओट्यापलीकडच्या बशा बसल्या जागी उचलता याव्यात म्हणून. मागणी रास्त होती. मात्र मी छापलेल्या सुयांवर नावे लिहिली नव्हती, आणि त्यांत नमुना म्हणून ठेवलेली, बोलणे अगम्य करणारी एक सुई होती. आचाऱ्याला तीच लागली. त्यानंतर रेडिओवर त्याचा एकही शब्द कोणाला कळेना. त्याला वाटले आपण ऑर्डर विचारतो आहोत, ऐकणाऱ्यांना वाटले कोणीतरी गळा दाबला आहे, आणि दोन शिपाई बंदुका रोखून स्वयंपाकघरात शिरले. यावर म्युटाडोन नावाचे औषध असते, पण ते रसायनशास्त्रज्ञ तयार करतो, आणि तो त्या वेळी स्वतःच पेटवलेल्या आगीत होता. शेवटी आचाऱ्याने कागदावर तक्रार लिहून कर्मचारी प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. त्या बाईंनी भूमिका उत्तम वठवली : मला समोर बसवले, शांतपणे सगळे विचारले, माझे ओळखपत्र मागून घेतले आणि त्यावरचा हुद्दा बदलून परत दिले. मी खाणकामगार झालो होतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. पहिले काही दिवस मी आणि मामेभाऊ खेळताना फोन चालू ठेवत असू. एकाला जे दिसे ते दुसऱ्याला लगेच कळे, आणि तशी मदत नियमात बसत नाही, कारण आमच्या पात्रांकडे फोन नव्हता. दोन पात्रे न बोलताच एकमेकांच्या मदतीला धावतात हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि ॲडमिनने खासगी संदेशात सरळ विचारले. आम्ही खरे सांगितले, ताकीद मिळाली, आणि त्या दिवसापासून राउंड संपेपर्यंत फोन बंद राहू लागला. बरेच झाले. फोनवर तो मला खाणीतले सगळे सांगत असे, त्यामुळे ती मला ठाऊक आहे असा माझा समज झाला होता.

खाण म्हणजे स्थानकाखालचा लाव्हालँड नावाचा ग्रह. मालवाहू खात्याजवळून छोटे यान तिथल्या तळावर उतरते. हवा श्वास घेण्यासारखी नसते, म्हणून तोंडावर मास्क आणि पाठीवर टाकी. खडक फोडायला कुदळ किंवा कायनेटिक ॲक्सेलरेटर नावाचे हत्यार. ते विरळ हवेत जोरात चालते आणि स्थानकाच्या भरल्या हवेत मंदावते, म्हणजे ते घेऊन आत येऊन दादागिरी करायची सोय नाही. खडकात लोखंड, चांदी, सोने, युरेनियम, हिरे, टायटेनियम, प्लाझ्मा सापडतात. गोळा केलेले खनिज स्थानकावरच्या यंत्रात ओतले की त्याचे पत्रे होतात आणि आपल्या ओळखपत्रावर गुण जमा होतात. त्या गुणांवर तळावरच्या यंत्रातून हत्यारे, औषधे, निवारे विकत घेता येतात. संशोधन विभाग असो की इंजिनियर, सगळ्यांची यंत्रे या पत्र्यांवर चालतात. विज्ञानशाखेतला माणूस रेडिओवर ‘चांदी कुठे आहे’ असे ओरडतो तेव्हा खाली कोण मरते आहे याची त्याला कल्पना नसते. मीही तसाच ओरडलेला होतो.

माझ्या संथ इंटरनेटची भीती इथे खरी ठरली. गोलायथ नावाचा अवजड प्राणी हळू चालतो, पण त्याचे सोंडेसारखे हात आपल्या पायाखालच्या जमिनीतून निघतात. जमीन हलताना दिसली की बाजूला व्हायचे असते, आणि मी बाजूला होईपर्यंत ते निघालेले असत. गिब्टोनाईट नावाच्या खनिजाला कुदळ लागली की त्याचा स्फोट होण्याआधी थोडासा अवधी मिळतो. तेवढ्यात स्कॅनर लावून ते निकामी करायचे. पहिल्यांदा मी स्कॅनर शोधण्यात तो अवधी घालवला. राखेचे वादळ येण्यापूर्वी इशारा मिळतो, तळ जवळ असेल तर आत शिरायचे, नसेल तर निवाऱ्याची कॅप्सूल जमिनीवर टाकायची. पलंगासकट छोटी खोली तयार होते. मामेभाऊ या कॅप्सूलचा वेगळाच उपयोग करी. मोटर सुरू करायची वेळ झाली की तो कॅप्सूल टाकून पात्राला आत झोपवी आणि बागेत जाई. त्याचे म्हणणे असे की खेळातली एवढी एकच वस्तू शेतकऱ्याला विचारून बनवलेली आहे.

त्या शिक्षेच्या राउंडमध्ये मला मारले ते अंधाराने. खाणकामगाराच्या मेसन चष्म्यातून खडक आणि वाटा अंधारातही दिसतात, पण प्राणी दिसत नाहीत. त्यांच्यासाठी उजेड लागतो. गोलायथने मला पाडले तेव्हा माझा कंदील खाली राहिला आणि मी चष्म्याच्या भरवशावर पुढे गेलो. लीजन नावाचा प्राणी स्वतःच्या अंगातून लहान कवट्या सोडतो, आणि माणूस बेशुद्ध पडला की एखादी कवटी त्याच्या शरीरात शिरून त्याचाच लीजन करते. माझे तसेच झाले. पडण्यापूर्वी मी रेडिओच्या माल विभागाच्या वाहिनीवर अर्धे वाक्य टाकले होते, ‘उत्तरेला, लाव्हाच्या’, एवढेच. मामेभावाच्या पात्राने तेवढ्यावर उत्तरेकडची लाव्हाची कड धरली, मी झालेला लीजन शोधला आणि मारला. तो मेला की आत अडकलेले प्रेत बाहेर पडते. मग त्याने ते प्रेत ओढत तळापर्यंत, यानातून स्थानकावर आणि तिथून दवाखान्यापर्यंत नेले. एवढा वेळ त्याने एक दगड फोडला नाही. मी भूत म्हणून त्याच्या मागोमाग चालत होतो. शेवटच्या चढावर त्याच्या हातातला कंदीलही गेला होता, आणि तो दर चार पावलांनी थांबून एक नळकांडी पेटवून टाकत पुढे सरकत होता.

राउंड संपल्यावर फोन लावला. मी म्हणालो, तू मला वाचवलेस, उद्या पहिली हल्कची सुई तुझी. तो हसला. ‘‘भाऊ, हल्क घेऊन मी काय करू? हल्कले बंदूक धरता येत नाही. मले उजेड दे, हातातून पडनार नाही असा.’’

मी इतके दिवस ग्लोई सापडले की नाक मुरडून पुढच्या ओळीकडे वळत असे. किरकोळ म्यूटेशन, कोणी मागत नाही, म्हणून साठवतही नसे. दुसऱ्या रात्री मला माझे काम परत मिळाले होते, कारण नव्या राउंडमध्ये जुनी शिक्षा लागू नसते. आणि फोनवर ठरलेलेही लागू नसते, म्हणून मी प्रयोगशाळेत जाण्याआधी मालवाहू खात्याच्या खिडकीवर गेलो आणि खाली उतरणाऱ्या तिघांना काय हवे ते पात्राच्या तोंडून विचारले. तिघांनीही हल्क मागितला नाही. एकाला उजेड हवा होता, तो अर्थात मामेभाऊ. दुसरीला उष्णता सोसायची होती. तिसऱ्याला काहीच नको होते, फक्त जखमा लवकर भरतील असे काही दवाखान्याकडून मिळवून दे, असे तो म्हणाला, आणि ते काम माझे नसले तरी मी जाऊन आणले. तिघांनाही आधी पेटीत घालून त्यांच्या अंगात काय सुप्त आहे ते पाहिले. मामेभावाच्या शरीरात ग्लोई सुप्त होतेच. वानरावर ते सोडवले, ॲक्टिव्हेटर छापला, सुईवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले (हे मी आचाऱ्याच्या वेळी केले असते तर नमुन्याची सुई त्याला लागलीच नसती) आणि ती खिडकीतून दिली. त्याच्या स्थिरतेचा एक अंशही खर्च झाला नाही.

उष्णतेचे मात्र जमले नाही. चार वानरे झाली, दोनदा त्यांच्या जनुकांची सरमिसळ केली, पण ते म्यूटेशन त्या राउंडमध्ये मला दिसलेच नाही, आणि ती बाई तशीच खाली गेली. तिने परत आल्यावर काही म्हटले नाही, म्हणून जास्त लागले.

त्या राउंडच्या उत्तरार्धात इंजिनियरांच्या हातून काहीतरी मोठे बिघडले आणि स्थानकाचे दिवे गेले. माझा संगणक बंद पडला, वानरे कुंपणात ओरडू लागली. मी दार हाताने सरकवून मुख्य मार्गिकेत आलो. काहीच दिसत नव्हते. कोणीतरी कोणावर तरी आदळत होते, रेडिओवर सगळे एकदम बोलत होते. तेवढ्यात मालवाहू खात्याच्या बाजूने मंद उजेडाचा एक ठिपका हळूहळू पुढे येताना दिसला. मामेभावाचे पात्र खनिजाची पेटी ओढत यंत्राकडे निघाले होते, आणि त्याच्या अंगाच्या उजेडात सात-आठ माणसे, त्यांत हातात तवा घेतलेला आचारीही, रांगेने त्याच्यामागून चालत होती. यंत्राला वीज नव्हती, त्यामुळे खनिज ओतता आले नाही. त्याने पेटी तिथेच ठेवली आणि सगळ्यांना सुटकेच्या यानाकडे नेले.

सकाळी फोनवर कळले की त्याच सुमारास रावेरला शेतातलीही लाईन गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरनेट मोबाईलवर, म्हणून त्याचा खेळ चालू राहिला. मोटर मात्र बंद पडली, आणि केळीच्या शेवटच्या चार ओळींना त्या रात्री पाणी मिळाले नाही.